वजन लागेपर्यंत

रापणीत मासा दिसतो तो सगळ्यांत शेवटी. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ मारून येते, मग किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि दोर ओढत राहतात. आत तारली आहे की बांगडा, की नुसता कचरा, हे जाळ्याचं पोट वाळूला लागेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. माझं लहानपण या दोराला लागूनच गेलं. देवबागला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमची वाडी. शाळेच्या आधी रापणीला हात लावला की वाट्याची मासळी घरी यायची. मासेमारी म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवून ओढत राहणं, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

वरच्या पाण्याच्या लूरने, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या नकली भक्ष्याने, ते उलटं करून दाखवलं. इथे मासा सगळ्यांत आधी दिसतो. तो खालून वर येताना दिसतो, लूरच्या मागे लागलेला दिसतो, तोंड उघडताना दिसतो. आणि तो दिसला तरी तुम्ही ओढायचं नसतं. गेली काही वर्षं मी गरवणाऱ्या लोकांना होडीतून नेण्याचं काम करतो, स्वतः लूरही घडवतो. या सगळ्या कामात मी जे शिकलो ते एवढ्या एका गोष्टीत बसतं. डोळ्यांना दिसलं तरी हाताला वजन लागेपर्यंत थांबायचं.

सुरुवात पर्यटकांपासून झाली. खाडी समुद्राला मिळते त्या संगमावर डॉल्फिन दाखवायला मी होडी चालवत होतो. एका नोव्हेंबरात पुण्याहून दोघं आले. त्यांना डॉल्फिन बघायचे नव्हते, निवतीच्या पलीकडच्या खडकांपाशी पहाटे पोचायचं होतं. अंधारात निघालो. मतलई वारा पाठीशी होता, समुद्र तेलासारखा. भरतीचं पाणी खडकाला वळसा घालून जातं आणि पांढरा फेस उठतो, तिथून हाकेच्या अंतरावर होडी थांबवली. एकाने मनगटाएवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा फेसाच्या कडेला भिरकावला आणि काठीला हिसके देत परत आणू लागला. दर हिसक्याला पाण्यावर ‘बुळुक’ असा खोल आवाज यायचा. मला वाटलं, एवढ्या गडबडीने असलेला मासाही पळून जाईल.

चौथ्या-पाचव्या हिसक्याला ठोकळ्यामागचं पाणी फुगलं. आधी फुगवटा, मग त्यात काळी पाठ, मग ताटाएवढा भोवरा. चांगला मोठा कोकर होता तो, इंग्रजीत ज्याला जायंट ट्रेव्हली आणि सगळे गरवणारे जीटी म्हणतात. त्या गृहस्थांनी ते पाहिलं आणि सगळं बळ लावून काठी मागे खेचली. ठोकळा माशाच्या तोंडापुढून उडाला आणि आमच्या डोक्यांवरून पलीकडे गेला. पाणी मिटलं. माझे पाय मात्र होडीत लटपटत होते. जन्मभर समुद्रावर राहूनही माशाला असा निर्णय घेताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी होडीतून दोरी-गरीने रात्र-रात्र काढलेली. तर्जनीवर दोरीचे वळ कायमचे उमटलेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बघूचा ता डोळ्यांनी, पण ओढूचा ता हाताक इचारून.” लूर त्यांनी तोवर पाहिलाही नव्हता. पण मासा कुठलाही असो, गरी त्याच्या तोंडात बसते ती दोरी ताणली गेल्यावर, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

पुढे हळूहळू समजत गेलं की हे थांबणं माशागणिक वेगळं असतं, आणि त्यामागे माशाची खाण्याची तऱ्हा असते.

कोकर धावून मारतो. दोन-तीन मिळून शिकार करतात, एकमेकांच्या आधी तोंड घालायची त्यांची चढाओढ असते, त्यामुळे नेम पुष्कळदा चुकतो. चुकला की लूर थांबवायचा नाही. त्याच चालीने आणत राहायचं, म्हणजे तोच वळून येतो किंवा त्याच्या मागचा येतो. घाबरलेली तारली कधी मधेच उभी राहत नाही, हे त्याला माहीत असतं. इथे थांबायचं ते फक्त काठी उचलायला. हाताची चाल चालूच ठेवायची आणि ती चाल अडली, जड झाली, की मग कमरेतून मागे जायचं.

जिताड्याचं वेगळं. गोव्यात त्याला चोणक म्हणतात. तो धावत नाही, दबा धरतो. ओहोटीला कांदळवनातलं पाणी बारक्या ओहळांतून खाडीत उतरू लागलं की त्याबरोबर कोळंबी आणि बोयटं खाली येतात, आणि ओहळाच्या तोंडाशी, जिथे गढूळ पाणी आणि निवळ पाणी यांची रेघ दिसते, तिथे तो उभा असतो. भक्ष्य डोक्यावर आलं की तोंड आणि कल्ले एकदम उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढून घेतो. त्याचा आवाज ‘भप्प’ असा होतो. शांत संध्याकाळी तो खाडीच्या दुसऱ्या काठाला ऐकू जातो. आता हा मासा जर ओढून घेत असेल, तर त्या क्षणी दोरी थोडी सैल हवी. तुम्ही आवाजाला दचकून खेचलंत तर तुम्हीच लूर त्याच्या तोंडाबाहेर काढता. आणि तो चुकला तर कोकराच्या उलट करायचं: लूर तिथल्या तिथे ठेवायचा, पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत. मग बोटाएवढा हलवायचा. माझ्या होडीतले बरेच जिताडे त्या दुसऱ्या वेळी लागलेले आहेत.

नव्या माणसाला हे सांगून समजतं, पण हात ऐकत नाही. एकदा जानेवारीत एका तरुण गिऱ्हाइकाला मी तीनदा बजावलं होतं. पाणी फुटलं, त्याने खेचलं आणि लूर गोळीसारखा सरळ आमच्याकडे आला. मी हात आडवा घेतला म्हणून चेहऱ्यावर बसला नाही; गरी मनगटाच्या वर, मांसात गेली. गरीच्या टोकामागे जो उलटा काटा असतो तो मी नेहमी पकडीने दाबून सपाट करतो. माशाला सोडताना इजा कमी व्हावी म्हणून ही सवय लावून घेतली होती, त्या दिवशी तिचा उपयोग मला झाला. गरी आली तशी मागे निघाली. मीठपाण्याने धुतलं, फडकं बांधलं, बंदरावर येऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. तो मुलगा परतताना काही बोलत नव्हता. मी त्याला सांगितलं की चूक तुझ्या ताकदीची नाही, घाईची आहे, आणि घाई प्रत्येकाच्या हातात असते. तेव्हापासून माझ्या होडीत चष्म्याशिवाय कुणी काठी धरत नाही, आणि लूर टाकणाऱ्याच्या बरोबर मागे कुणी उभं राहत नाही.

लूर घडवण्याकडे वळलो तो खर्चामुळे. चांगले मोठे पॉपर, म्हणजे ते ‘बुळुक’ करणारे ठोकळे, बाहेरून यायचे, जपानी तर फारच महाग. पाण्यावर जीटी गरवण्याची विद्या जपान्यांनी फार वाढवली आहे. जगातल्या सगळ्यांत मोठ्या कोकराचा विक्रमही तिकडचाच, तोकारा बेटांजवळ २००६ मध्ये मिळालेला, ७२.८ किलोचा. त्यांचे लूर हातात घेतले की त्यामागचा विचार जाणवतो. पण खडकावर आपटून असा एक लूर फुटला की माझी दोन दिवसांची कमाई गेली.

आमच्या जिल्ह्यात लाकूडकामाचं गाव म्हटलं की सावंतवाडी. चितारआळीत खेळणी आणि लाकडी फळं करणारी घरं आहेत. तिथे एका वयस्क कारागिरांकडे मी फुटलेला पॉपर घेऊन गेलो. त्यांनी तो नखाने खरवडला, वास घेतला, तळहातावर तोलला आणि म्हणाले, “हलकं लाकूड पाहिजे ना? मग पांगारा.” पांगारा मला होडीमुळे माहीत होता. आमच्याकडे होडीच्या उलांडीला हेच लाकूड लावत, कारण ते तरंगतं. जुन्या खेळण्यांनाही हेच असायचं. समुद्र आणि सावंतवाडी माझ्यासाठी एका झाडाने जोडली गेली.

पहिला लूर त्यांच्याच कातारीवर झाला. सावलीत वाळवलेला तुकडा, वीतभर लांब, पुढे जाड आणि शेपटीकडे निमुळता. तोंडाला वाटीसारखी खोल कोरणी, कारण पॉपरचा जीव त्या वाटीत असतो. काठीचं टोक ओढलं की वाटी पाणी भरून घेते आणि पुढे फेकते, आवाज तिथून येतो. मग पोटाला करवतीने उभी खाच मारून नाकापासून शेपटीपर्यंत स्टेनलेसची तार आरपार बसवायची. गऱ्या या तारेला अडकतात, लाकडाला नाही. मासा ओढतो ते वजन तारेवर जातं आणि लाकूड फक्त तरंगायचं काम करतं. खाचेत, शेपटीच्या बाजूला, शिसं. त्यासाठी मी घरातल्या जुन्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या ठोकून बसवल्या. वरून पांगाऱ्याचीच पट्टी चिकटवून खाच बंद.

चुका दोन झाल्या. पहिली लाखेची. त्या लूरवर आम्ही खेळण्यांसारखी लाख चढवली होती. दिसायला सुंदर; पण तासभर पाण्यात राहिल्यावर लाख पांढुरकी पडली, लाकडाने पाणी प्यायलं आणि लूर जड झाला. आता मी दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी वापरतो, तीन हात, प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपर. दुसरी चूक तोलाची. मी शिसं कमी-जास्त करून लूर घरच्या पिंपात विहिरीच्या पाण्यावर तोलला होता. पॉपरला फरक पडला नाही, पण पुढे स्टिकबेट केला तेव्हा तो समुद्रात ठरल्यापेक्षा वर राहू लागला. स्टिकबेटला वाटी नसते; तो नाक हलवत, नागमोडी, जखमी माशासारखा चालतो आणि त्याची पाठ जेमतेम पाण्याबाहेर हवी. खारं पाणी गोड्या पाण्याहून किंचित जड, म्हणून ते लाकडाला जास्त उचलतं. मीठपाण्यावर वाढलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. तेव्हापासून पिंप खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या पाण्याने भरतो.

रंगाबद्दल गिऱ्हाईक फार विचारतं. खालून वर पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या उजेडापुढे लूरची काळी आकृतीच दिसते. त्याला आधी कळते ती हालचाल. माशाच्या दोन्ही कुशींना डोक्यापासून शेपटीकडे जी रेघ असते तिने तो पाण्यातले धक्के टिपतो. म्हणून मी आधी चाल बघतो, मग आकार, मग पोटाचा रंग. पाठीवरची नक्षी माणसासाठी असते, आणि ती मी मन लावून काढतो, कारण हातात धरल्यावर माणसाला त्या वस्तूवर विश्वास वाटावा लागतो.

कुठे टाकायचं, हे मात्र कुठल्याही लूरपेक्षा महत्त्वाचं, आणि तिथे रापणीतलं शिक्षण कामी येतं. सुरय कुठे सूर मारतायत, पेडवे कुठे पाणी शिंपडल्यासारखे उडतायत, खडकाच्या कुठल्या अंगाला पाणी चढतंय हे मी बाबांच्या बोटाच्या टोकाकडे बघत शिकलो. भांगाच्या दिवसांत पाणी सुस्त असतं, खडकावर फारसं काही चालत नाही. तेव्हा खाडीत जायचं. उधाणाला खडक जागा होतो. वेंगुर्ला रॉक्सच्या बाजूला गेलो तर गुहेतल्या पाकोळ्या पहाटे बाहेर पडताना दिसतात. तिथे मी होडी लांबूनच वळवतो. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ मध्ये जाहीर झालं, आम्ही काठी बाहेर काढत नाही. एका गिऱ्हाइकाने मला मोबाइलवर ‘ब्लू प्लॅनेट २’मधला भाग दाखवला होता, २०१७ चा. त्यात सेशेल्समधल्या बेटाजवळ हेच कोकर पाण्याबाहेर झेप घेऊन सुरयची पिल्लं धरतात. आम्ही पक्ष्यांवरून मासा शोधायचो. तिथे मासा पक्षी शोधत होता. पाण्याचा पृष्ठभाग ही त्याच्या लेखी भिंत नाही, हे त्या दिवशी नीट कळलं.

वरच्या पाण्याचा लूर चालायचा तर वर बारीक मासळी हवी. ती कमी होते आहे. एलईडी दिवे लावून मासळी गोळा करण्यावर २०१७ पासून बंदी आहे. तरी रात्री निघताना लांब क्षितिजावर असा उजेड मी पाहिला आहे. त्यानंतरची पहाट बहुधा मुकी जाते. पॉपर बुळुक-बुळुक करत फेसातून येतो आणि त्याच्या मागे काहीच फुगत नाही. रापणीला तारली लागेनाशी झाली की माझ्या होडीलाही कोकर लागेनासा होतो. दोन्ही धंदे एकाच पाण्यावर उभे आहेत.

आता सोडण्याबद्दल. बाबांशी माझं खरं भांडण झालं ते यावरून. पहिल्या वर्षी आमच्या होडीत एक मोठा जिताडा लागला आणि गिऱ्हाइकाने फोटो काढून तो परत पाण्यात सोडला. मी घरी सांगितलं तर बाबा जेवता जेवता थांबले. “दर्यात सोडलंत? येड लागला काय तुमका?” त्यांचं चुकत नव्हतं. ज्याने पोटासाठी रात्री जागवल्या, त्याला हातातला मासा सोडणं हा अन्नाचा अपमानच वाटणार. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

उत्तर नंतर मिळालं, आणि ते माशाकडेच होतं. जिताडा आधी नर असतो. वाढत वाढत, काही वर्षांनी, त्याची मादी होते. म्हणजे फोटो काढण्याजोगा मोठा जिताडा बहुतेक वेळा मादीच असते. ती पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालायला उतरते. लहान मासा खाल्ला तर एक मासा गेला. ती खाल्ली तर पुढची खाडी गेली. मी हे बाबांना सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आमच्यात ठरलं ते एवढंच: खायला मध्यम मासा ठेवायचा, एका होडीला एकच.

गेल्या मे महिन्यात, पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीला आठवडा उरला असताना, एका संध्याकाळी मी बाबांना खाडीत घेऊन गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. ओहोटी लागली होती, कांदळवनाच्या मुळांवर पाण्याची ओली रेघ दिसत होती. मी पांगाऱ्याचा छोटा पॉपर ओहळाच्या तोंडाशी टाकला आणि काठी त्यांच्या हातात दिली. रीलचा दांडा त्यांना परका होता. पण दोरी त्यांनी नकळत तर्जनीवर घेतली, जिथे जुने वळ होते. दोनदा हलवलं. थांबले. तिसऱ्यांदा हलवलं.

भप्प.

माझ्या तोंडाशी ‘थांबा’ आलं होतं. म्हणायची गरज पडली नाही. पाण्यावर खळगा पडला, फेस फिरला, लूर नाहीसा झाला, आणि बाबा हलले नाहीत. त्यांची नजर पाण्यावर नव्हतीच, बोटावर होती. दोरी सरकली, ताठ झाली, तिच्यावरचं पाणी झटकलं गेलं, आणि मग ते सावकाश मागे कलले. मासा मुळांकडे गेला, त्यांनी वळवला. एकदा पाण्याबाहेर येऊन त्याने डोकं झटकलं, कल्ले खडखडले. होडीपाशी आला तेव्हा मावळतीच्या उजेडात डोळा निखाऱ्यासारखा दिसत होता. आठ-दहा किलोचा असेल. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी कापते, म्हणून मी खालच्या जबड्याला धरलं आणि त्याला पाण्यातच ठेवून गरी काढली.

बाबांनी काठी खाली ठेवली, वाकले आणि त्याच्या पोटाखाली तळवा घातला. थोडा वेळ तसेच राहिले. म्हणाले, “गाबोळी धरता आसा. पावस तोंडार इलो. जांवदे तिका.”

मी जबडा सोडला. त्यांनी सोडलं नाही. दमलेला मासा नुसता ढकलून दिला तर उलटतो. तोंडात पाणी जाईल असा प्रवाहासमोर धरायचा असतो. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या मुळाशी ठेवून तिला वाहत्या पाण्यासमोर धरलं. कल्ले उघडत होते, मिटत होते. दोन मिनिटं, कदाचित जास्त. मग शेपटी एकदा जोरात हलली आणि त्यांच्या तळव्यावरचं वजन आपणहून उतरलं.

ती गेल्यावरही त्यांनी हात लगेच वर काढला नाही.